म्हातारा लॅब्रॅडॉर फरशीवर घसरतो, जागचा उठत नाही: आधी फरशीचं बघा, गोळ्यांचं नंतर

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात परत सांगते म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर कळेल. लॅब्रॅडॉर, नर, साडेबारा वर्षं, वजन ३८ किलो. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स. दोन-तीन महिन्यांपासून मागचे पाय घसरतायत, एकदा पाण्याच्या भांड्यापाशी चारी पाय फाकून पडला आणि तेव्हापासून दिवसभर एका जागी पडून असतो, रात्री मात्र उठून येरझाऱ्या घालतो. लिफ्ट आहे पण सोसायटीवाले म्हणतात कुत्र्याला जिन्यानेच न्या. घरात तुमच्या आई आहेत, ७४ वर्षांच्या, त्या मॅटला अडखळून पडतील म्हणून मॅट टाकायची भीती वाटते. आणि जो येतो तो म्हणतो वय झालं आता त्याचं, काय करणार.

मी पुण्यात बावीस वर्षं प्रॅक्टिस करते, त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं बरीचशी घरी जाऊनच म्हातारी कुत्री बघते. घरी जायला लागले त्याचं कारण हेच की क्लिनिकमध्ये टेबलावर रबर असतं, कुत्रं घाबरून ताठ उभं राहतं, आणि मालक सांगतात तसं काही दिसतच नाही. घरी गेलं की दारातच कळतं. हॉलमध्ये आरशासारखी चकचकीत फरशी, कुत्रं एका कोपऱ्यात एवढ्याशा सतरंजीवर, आणि पाण्याचं भांडं तिथून पंधरा फुटांवर स्वयंपाकघरात. मधले पंधरा फूट त्याच्यासाठी शेवाळलेल्या घाटाच्या पायऱ्यांसारखे असतात. तो "उठत नाही" असं आपण म्हणतो, पण बऱ्याच वेळा तो उठायला घाबरतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचा उपाय पुष्कळच सोपा आहे, म्हणून तुम्हालाही हेच सांगते की पहिले दोन-तीन हजार रुपये फरशीवर खर्च करा, टॉनिक आणि सप्लिमेंटच्या डब्यांवर नको.

घसरणं नेमकं कसं होतं ते समजलं की पुढचं सगळं आपोआप कळेल. कुत्र्याची पकड असते पंजाखालच्या मऊ गाद्यांची. वयाने मागच्या मांड्यांचं मांस उतरतं (हात फिरवून बघा, मांडीचं हाड आता लागत असेल), मग पाय आत ओढून धरायची ताकद राहत नाही आणि पाय बाहेर फाकतात. घसरायला लागलं की तो घाबरून नखं रोवायला जातो, आणि नखं रोवली की गाद्या फरशीवरून उचलल्या जातात, म्हणजे होती ती पकडही गेली. मातीत किंवा सारवलेल्या जमिनीत नखं रुततात, म्हणून गावाकडच्या घरात म्हातारं कुत्रं शेवटपर्यंत दुडक्या चालीने का होईना फिरताना दिसतं. जुन्या घरांतल्या खरबरीत शहाबादी फरशीवरही इतका त्रास होत नाही. व्हिट्रिफाइड आणि पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर मात्र नख नुसतं सरकतं.

म्हणून मॅटच्याही आधी पाय. नखं कापून घ्या, उभा असताना नख फरशीला टेकायला नको, चालताना टकटक आवाज येत असेल तर वाढलीयत असं समजा. लॅबची नखं बहुतेक वेळा काळी असतात, आतली रक्ताची शीर दिसत नाही, त्यामुळे सवय नसेल तर पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच कापून घ्या आणि मग दर आठवड्याला अगदी एखादा मिलिमीटर टोक घासत राहा, शीरसुद्धा हळूहळू मागे सरकते. गाद्यांच्या मधले केस वाढून गाद्यांवर आले असतील तर तेही छोट्या ट्रिमरने काढा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि काही कुत्री यानेच निम्मी सुधारतात. मोजे घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे, खाली रबराचे ठिपके असले तरी ते अर्ध्या तासात फिरून वर येतात आणि मग गुळगुळीत बाजू खाली.

आता मॅट. पूर्ण घर झाकायची गरज नाही, त्याचे रस्ते झाका. दोन दिवस नीट बघा तो कुठून कुठे जातो. झोपायची जागा ते पाणी, पाणी ते मुख्य दार, दार ते तुम्ही जिथे बसता ती जागा, आणि रात्री ज्या खोलीत येतो तिथपर्यंत. एवढाच रस्ता करायचा पण तो सलग पाहिजे, हे फार महत्त्वाचं आहे, कारण लोक काय करतात चार पायपुसणी चार ठिकाणी टाकतात आणि मधे फरशी उघडी, मग कुत्रं एका बेटावर उभं राहतं आणि दुसऱ्या बेटावर उडी मारायला जातं आणि नेमकं तेव्हाच पडतं. सगळ्यात स्वस्त म्हणजे योगा मॅट, दोन फूट रुंद सहा फूट लांब, एकाला एक लावून चिकटवत जायच्या. वळायच्या जागी, म्हणजे भांड्यापाशी, दारापाशी आणि बेडपाशी, दोन शेजारी शेजारी लावून चार फूट रुंदी करा कारण त्याला वळायला तेवढी जागा लागते. नाहीतर लहान मुलांसाठी मिळतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन, किंवा खाली रबर असलेलं लांब कार्पेट. पुण्यात असाल तर बोहरी आळीत एक चक्कर मारा, मापाने कापून रोल मिळतो आणि ऑनलाइनपेक्षा स्वस्त पडतो. काथ्याचं पायपुसणं चालायला छान पण त्यावर तो झोपला तर कोपरं सोलतात. साधी सतरंजी किंवा जाजम नुसतं टाकणं म्हणजे फरशीपेक्षा वाईट, ते कुत्र्यासकट सरकतं.

आईंचा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं केलंत कारण हे कोणी विचारत नाही आणि मी स्वतः एका घरी आजी मॅटच्या कडेला अडखळताना बघितल्यात. अडखळायला कारण होते ती वर आलेली कड आणि सरकणारी मॅट, नुसती मॅट नाही. चार मिलिमीटरच्या वर जाडी घेऊ नका, म्हणजे फोमचे जाड चौकोन तुमच्या घरात नकोत, पातळ योगा मॅट किंवा रबरचा रोल बरा. चारी कडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने फरशीला पक्क्या बसवा, कोपरे खास करून, आणि फरशी पांढरी असेल तर मॅट गडद रंगाची घ्या म्हणजे आईंना कड दिसते, आणि खरं सांगायचं तर त्यालाही दिसते. लावून झालं की स्वतः चप्पल न घालता पाय घासत चालून बघा, कुठे पाय अडला तर तिथे आईंचाही अडणार. आणि एक अनुभव सांगते, अशा दोन-तीन घरांत नंतर आजी-आजोबाच त्या मॅटवरून चालायला लागले कारण त्यांनाही त्या फरशीची भीती वाटतच होती, फक्त कोणी बोललं नव्हतं.

फरशी पुसताना फडकं घट्ट पिळून, आणि पूर्ण वाळेपर्यंत तो दुसऱ्या खोलीत. काही फ्लोअर क्लीनर वाळल्यावरसुद्धा बुळबुळीत थर ठेवतात, फिनाईल तर मी कुत्र्यांच्या घरात नकोच म्हणते कारण ते पंजाला लागतं आणि तो पंजे चाटतो. कामाला येणाऱ्या ताईंना हे कारणासकट सांगा, नुसतं "फिनाईल नको" सांगितलं की त्यांना वाटतं घर अस्वच्छ राहील.

भांड्याचं. तो पाण्यापाशीच पडला यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. मान खाली घातली की सगळं वजन पुढच्या पायांवर येतं, भांड्याभोवती पाणी सांडलेलं असतं, पुढचे पाय सरकतात आणि मागचे सावरू शकत नाहीत. सिंहगड रोडला एका घरी मला बोलावलं होतं की कुत्री चार दिवस जेवत नाहीये, रक्त तपासलं सगळं ठीक, आणि मग तिच्यासमोर ताट ठेवलं तर ती तोंड खाली नेऊन परत परत मागे घेत होती. ताट मॅटवर पाटावर ठेवलं, जेवली. इतकं साधं. तुमच्याकडे पाट किंवा छोटा चौरंग असेलच, भांडं त्याच्या छातीच्या थोडं खाली येईल इतकं उंच करा, आणि खाली मॅट. (जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन असल्या खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि उंच भांड्याशी त्याचा संबंध असू शकतो, त्यामुळे तशा जातीचं कुत्रं असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.) पाणी एका जागी नको, निदान दोन जागी ठेवा, एक त्याच्या बेडपासून चार-पाच पावलांवर. लघवी जास्त होते म्हणून पाणी कमी करणारे लोक असतात, ते कधीही करू नका, म्हाताऱ्या किडनीला पाणी तोडणं महागात पडतं.

झोपायची जागा. कापसाची गादी महिन्याभरात गोळे होऊन बसते आणि ते फुगीर बीनबॅगसारखे बेड दिसायला छान पण त्यातून उठायला त्याला जोरच लावता येत नाही. गादीवाल्याकडून चार इंची घट्ट फोम कापून घ्या, तो आडवा पडून पाय ताणेल एवढा, त्याला रेक्झिनचं कव्हर, आणि वर जुनी गोधडी जी धुता येते. तपासायचं कसं, तर तुमचा गुडघा त्यावर टेकवा, खालची फरशी लागली तर त्याच्या कोपरालाही लागणार. कोपरावर काळे जाड घट्टे पडलेत का बघा, लोक त्यावर खोबरेल तेल चोळतात आणि तो ते चाटून टाकतो, पण घट्टा पडतो तो कडक जमिनीमुळे, तिथे बेड बदलला की फरक पडतो. बेड एका बाजूने भिंतीला लावा, उठताना टेकायला मिळतं, आणि उतरतो तिथे मॅट. बाल्कनीत किंवा पॅसेजमध्ये नको, तुम्ही सगळे जिथे असता तिथे. मे महिन्यात मात्र तो मऊ बेड सोडून गार फरशी शोधेल, त्याला तो हक्क द्या, पंख्याखाली एक ओलं करून पिळलेलं सुती चादरीचं अंथरूण वेगळं ठेवा. म्हाताऱ्या लॅबमध्ये घशाच्या झडपेची नस कमजोर होते, भुंकण्याचा आवाज बसतो, श्वासाला घरघर लागते, अशा कुत्र्याला ऊन अजिबात सोसत नाही आणि दुपारचा एक छोटा फेराही जिवावर बेतू शकतो. तुमच्याच्या आवाजात फरक पडलाय का ते लक्ष द्या.

आता दुखण्याकडे येते, कारण फरशी केली तरी सांधे दुखत असतील तर तो अर्धाच सुधारेल, आणि या वयाच्या ३८ किलोच्या लॅबचे सांधे दुखत नसतील असं मला वाटत नाही. कुत्रं दुखतं म्हणून ओरडत नाही. ते मनगट चाटत बसतं, बसायला वेळ लावतं, उठल्यावर पहिली दहा पावलं लाकडासारखी टाकतं, उभं असताना मागचे पाय थरथरतात, रात्री कारण नसताना धापा टाकतं आणि कूस बदलत राहतं. तुम्ही ज्या येरझाऱ्या म्हणताय त्यात याचा वाटा असू शकतो.

इथे हात जोडून सांगते, आईंच्या गुडघेदुखीची गोळी त्याला देऊ नका, अर्धी नाही, पाव नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक याने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि किडनी बंद पडते, आणि दरवर्षी अशी कुत्री माझ्यासमोर येतात, मालकांनी प्रेमापोटीच दिलेली असते ती गोळी, म्हणून जास्त वाईट वाटतं. कुत्र्यांसाठी चालणारी दुखण्याची औषधं वेगळी आहेत, मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन, मज्जातंतूंच्या दुखण्याला गॅबापेंटिन, पण ती किडनी-लिव्हरची रक्त तपासणी करून, वजनाप्रमाणे, आणि दर काही महिन्यांनी परत तपासत. चालू असताना उलटी, काळी शी, जेवण सोडणं यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच फोन करा. आणि जर त्याला कशासाठीही स्टिरॉइड चालू असेल तर ते आधी सांगा, दोन्ही एकत्र चालत नाही. सप्लिमेंटमध्ये माशाच्या तेलातल्या ओमेगा ३ ला बऱ्यापैकी पुरावा आहे, ग्लुकोसामाईनला फारसा नाही, त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर कुठे घालायचे ते तुम्हीच ठरवा.

पण सगळ्या औषधांपेक्षा मोठं औषध तुमच्या हातात आहे ते म्हणजे वजन. ३८ जास्त आहे, नर लॅब असला तरी ३१-३२ च्या आसपास पाहिजे. अमेरिकेत प्युरिना या कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीने ४८ लॅब पिल्लांवर आयुष्यभराचा अभ्यास केला, २००२ साली छापला, एकाच वेताच्या भावंडांच्या जोड्या करून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांतली निम्मी १३ वर्षांच्या पुढे जगली, बाकीच्यांतली निम्मी ११.२ च्या पुढे, आणि कमी खाणाऱ्यांना सांध्यांच्या दुखण्याचं औषधही बरंच उशिरा लागलं. एवढा फरक कुठल्याच गोळीने होत नाही. आणि सगळं जास्तीचं वजन उतरायची वाटसुद्धा बघावी लागत नाही, सहा-सात टक्के म्हणजे तुमच्याकडे अडीच किलो गेलं की चालण्यात फरक दिसायला लागतो. घाई नको, आठवड्याला तीन-चारशे ग्रॅम पुरे.

आपल्याकडे वजन कुठून येतं ते मला पाठ आहे. जेवण मोजून देतात आणि मग आजोबांच्या ताटातली पोळी, सकाळच्या चहाबरोबरची दोन बिस्किटं, संध्याकाळी परत दोन, दुधात कुस्करलेला भात. तेल लावलेली एक पोळी साधारण शंभर कॅलरीची, आणि कमी हालचाल करणाऱ्या तीसेक किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसभरात मिळून लागतात हजार-अकराशे. म्हणजे तीन पोळ्यांत जवळजवळ एक तृतीयांश दिवस संपला आणि प्रोटीन मात्र फारच कमी. आणि आत्ता त्याला प्रोटीनच पाहिजे, मांड्यांचं मांस टिकवायला, उकडलेलं अंडं, चिकन, मासे. किडनी खराब नसेल तर म्हातारपणी प्रोटीन कमी करायचं काहीच कारण नाही, हा गैरसमज अजून खूप घरांत आहे. आईंना "काही देऊ नका" असं सांगू नका, त्यांचं आणि त्याचं ते नातं आहे, फक्त पोळीच्या जागी त्यांच्या हातात गाजर-काकडीचे तुकडे, उकडलेला भोपळा ठेवा. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण नको.

चालवणं बंद करू नका. सकाळी एक तास आणि मग दिवसभर काही नाही याऐवजी दहा-दहा मिनिटांचे चार फेरे, मातीवर किंवा गवतावर, त्याच्या वेगाने. रविवारी सगळे घरी आहेत म्हणून टेकडीवर नेणं हे मात्र टाळाच, सोमवारी तो उठणार नाही. पावसाळ्यात पार्किंगची ओली फरशी आणि जिन्याची पहिली पायरी सगळ्यात धोक्याची, आणि घरी आल्यावर बोटांच्या मधून टॉवेलने कोरडं करा.

उठवायला आणि पायऱ्यांवर आधार द्यायला महागडा पट्टा लगेच घ्यायची गरज नाही. जाड कापडी पिशवी दोन्ही बाजूंच्या शिवणी कापून उघडली की मधे रुंद पट्टा आणि दोन टोकांना बंद मिळतात, तो पट्टा मागच्या पायांच्या थोडा पुढे पोटाखालून घ्यायचा. नर आहे म्हणून लघवीच्या जागेवर कापड दाबलं जाणार नाही इतकं मागे किंवा तिथे कापून खाच करा. तुम्ही त्याला उचलायचं नाही, फक्त दहा-पंधरा टक्के भार घ्यायचा आणि तोल सांभाळायचा, बाकी काम त्यालाच करू दे. पूर्ण उचलायची वेळ आलीच तर दोघांनी, एक हात छातीसमोरून, दुसरा मांड्यांच्या मागून, पोटाखालून नाही आणि पुढचे पाय धरून तर कधीच नाही. गाडीत चढायला प्लायवूडचा उतार करून त्यावर मॅट ठोका, लांबी उंचीच्या निदान तिप्पट, दोन फूट उंच असेल तर सहा फूट.

लिफ्टचं. ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात स्पष्ट आहे की सोसायट्या कुत्र्यांना लिफ्ट बंद करू शकत नाहीत. त्याची प्रिंट काढा, सोबत तुमच्या डॉक्टरांचं एक ओळीचं पत्र लावा की याला संधिवात आहे आणि जिना चढणं त्याच्यासाठी धोक्याचं आहे, आणि सेक्रेटरींना भेटून द्या, आधी भेटून मग लेखी. मी अशी पत्रं बरीच दिलीत आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागलंय, कारण विरोध करणाऱ्यांच्या घरीही कोणाचे तरी गुडघे दुखत असतात. तुमच्याकडून पट्टा आखूड, गर्दीच्या वेळा टाळायच्या, आणि आत एखादा थेंब पडलाच तर लगेच पुसायला खिशात फडकं.

रात्रीच्या येरझाऱ्यांचं सगळं दुखण्यावर टाकू नका. तीन गोष्टी क्रमाने बघायच्या. लघवी लागते का, म्हणजे रात्री अकराला एक फेरा वाढवून बघा, आणि पाणी अचानक जास्त पीत असेल तर लघवी-रक्त तपासा. दुखणं, जे वर सांगितलं. आणि तिसरं म्हणजे मेंदूचं म्हातारपण, माणसांच्या स्मृतिभ्रंशासारखंच. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्क्यांत याचं किमान एक तरी लक्षण सापडलं होतं, म्हणजे हे काही दुर्मिळ नाही. दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभं राहून दार उघडायची वाट बघणं, सोफ्यामागे शिरून अडकणं, दिवसा झोप रात्री जाग, ओळखीच्या माणसाकडे टक लावून बघणं. असं असेल तर सोफ्यामागची, कपाटाशेजारची फट उशीने बुजवा, फर्निचर हलवू नका, पॅसेजमध्ये आणि पाण्यापाशी नाइट लॅम्प लावा, जेवण-फेऱ्यांच्या वेळा घड्याळासारख्या ठेवा. बाल्कनीच्या गजांमधून डोकं जात असेल तर जाळी. आणि रागावू नका, घरात लघवी झाली तरी, त्याला खरंच कळलेलं नसतं.

डोळे निळसर दिसतात म्हणून लगेच मोतीबिंदू समजू नका, सात-आठ वर्षांनंतर भिंग घट्ट होऊन बहुतेक कुत्र्यांचे डोळे असे दिसतात आणि दिवसा त्यांना ठीक दिसतं, फक्त अंधारात आणि जवळचं कमी. ऐकू कमी येत असेल तर झोपेत अंगाला हात लावू नका, आधी जवळ जमिनीवर पाय आपटा, थरथर कळते. तुमच्या घरात नातवंडं येत असतील तर त्यांनाही हे शिकवा, दचकून चावलेलं कुत्रं वाईट नसतं.

एक प्रसंग आधीच सांगून ठेवते कारण तो बघून लोक हादरतात. सकाळी उठून बघावं तर कुत्रं उभंच राहू शकत नाही, डोकं एका बाजूला कललेलं, डोळे डावी-उजवीकडे झटके देतायत, उलटी, एका बाजूला लोळतंय. सगळ्यांना वाटतं लकवा झाला, संपलं. मी अशा घरी गेलीये जिथे इंजेक्शन देऊन झोपवायचंच असं ठरलेलं होतं आणि मुलं रडत होती. म्हाताऱ्या कुत्र्यात हे बहुतेक वेळा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचं असतं, पहिले दोन-तीन दिवस भयंकर दिसतं आणि मग सुधारत जातं, दोन-तीन आठवड्यांत बरीचशी कुत्री परत चालतात, मान थोडी तिरकी राहते कधी कधी. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण कानाचं इन्फेक्शन किंवा मेंदूचं काही आहे का ते बघावं लागतं, पण त्या पहिल्या दिवशी कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. गादी जमिनीवर, चारी बाजूंनी उशा, पाणी हाताने तोंडाशी, रात्री दिवा चालू.

याउलट पोट फुगलंय आणि कोरडे उमासे येतायत, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, लघवी होतच नाहीये, किंवा मागचे पाय एकदम पूर्ण गेलेत, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची ऑपरेशन न केलेली म्हातारी मादी असेल आणि माजानंतर काही आठवड्यांत खूप पाणी पितेय, सुस्त आहे, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, तेही थांबण्यासारखं नाही.

मॅट टाकल्यावर पहिले दोन दिवस तो त्यावर यायला कदाचित तयारच होणार नाही, नवीन वास असतो. ओढून आणू नका, त्याची जुनी चादर त्यावर पसरा, उकडलेल्या चिकनचे तुकडे एकेक फुटावर ठेवा आणि बाजूला होऊन बसा.

आणि मला दोन गोष्टी बघून कळवा. एक, बाहेर सिमेंटवर चालताना मागच्या पायाची नखं खरवडल्याचा आवाज येतो का, मधल्या दोन नखांची टोकं वरून झिजलीयत का. दुसरं, तो मॅटवर उभा असताना पोटाखालून आधार द्या आणि मागचा एक पंजा उलटा करून वरची बाजू जमिनीला टेकवा. तो लगेच सरळ करायला पाहिजे. दोन-तीन सेकंद तसाच राहिला तर प्रश्न नुसत्या सांध्यांचा नाही, पाठीच्या कण्याकडून येणाऱ्या नसांचाही आहे, मग एक्स-रे आणि पुढच्या तपासण्यांचं वेगळं बोलावं लागेल. दोन्ही पाय करून बघा आणि जमलं तर कोणाला तरी मागून व्हिडिओ काढायला सांगा, बसलेला उठतो तेव्हाचाही एक काढा, मॅट टाकायच्या आधीचा.